मैफलीचा टी-शर्ट आणि अंगाची काहिली

या आठवड्याचा विषय वाचून काही ज्येष्ठ वाचक हसतील. आवडत्या गायकाचे किंवा बँडचे नाव छापलेला टी-शर्ट कसा निवडावा, हा काय आरोग्याचा विषय झाला? परंतु हिवाळा सरता सरता आणि पुढे उन्हाळ्यात आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांकडे जी तरुण मंडळी येतात, त्यांत मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाहून परतलेले चार-दोन तरी असतातच. कोणाच्या छातीवर बरोबर चौकोनी आकाराचे लाल पुरळ उठलेले, कोणाच्या जांघा सोलवटलेल्या, कोणाच्या बेंबीखाली जीन्सच्या बटणाएवढा खाजरा डाग, तर कोणी मैदानातच चक्कर येऊन पडलेला. तक्रारी वेगवेगळ्या, पण नीट चौकशी केली की गाडी बहुधा अंगावरच्या कपड्यांपाशी येऊन थांबते.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या इंग्लंडच्या बँडचे तीन कार्यक्रम झाले. त्याच वर्षी १७ मे रोजी, म्हणजे ऐन उकाड्यात, महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन' रोझेस' या अमेरिकन बँडचा कार्यक्रम झाला. अशा कार्यक्रमांना आता आपल्या भागातली मुलेमुलीही जातात. जाताना अंगात त्या बँडचा टी-शर्ट हवाच. त्याशिवाय हुडी, टोपी, मनगटातले पट्टे, छातीवर बिल्ले, गळ्यात दोरी. या सगळ्याला मिळून मुले 'मर्च' म्हणतात. हौसेला मोल नसते हे खरे. माझा आक्षेप हौसेला नाही. मुद्दा एवढाच की ही वस्तू आठवण म्हणून विकत घेतली जाते आणि कपडा म्हणून अंगावर घातली जाते. घेताना मात्र कपडा म्हणून तिची पारख कोणी करीत नाही.

पालकांनी एकदा तासांचा हिशेब करून पाहावा. मुख्य कार्यक्रम दोन-अडीच तासांचा. पण आपल्या गावाहून पहाटेची एस.टी. किंवा रेल्वे पकडायची, दुपारी स्टेडियमपाशी पोहोचायचे, उन्हात रांगेत उभे राहायचे, पुढची जागा मिळावी म्हणून आत जाऊन पुन्हा तीन-चार तास उभे राहायचे, रात्री उशिरा बाहेर पडून पहाटेपर्यंत स्टेशनावर काढायची. एकच टी-शर्ट अठरा ते वीस तास अंगात राहतो आणि त्यातला निम्मा वेळ तो घामाने ओला असतो.

आता घामाविषयी थोडे. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्याचे काम मेंदू अहोरात्र करीत असतो. भोवतालची हवा त्वचेपेक्षा थंड असली तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ अंशांच्या पुढे तापली की हा मार्ग बंद होतो आणि उरतो तो फक्त घाम. तोही नुसता येऊन उपयोग नाही, तो अंगावर वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम निथळून जमिनीवर पडला तर शरीरातले पाणी गेले, मीठ गेले आणि थंडावा मात्र मिळाला नाही. खच्चून भरलेल्या गर्दीत वारा नसतो, चहूबाजूंनी इतरांच्या अंगाची ऊब असते, आणि मुंबईची हवा मुळातच दमट. अशा ठिकाणी घाम वाळणे आधीच कठीण. त्यात अंगावर हवाबंद कपडा असेल तर उरलेसुरले दारही आपणच लावून घेतल्यासारखे होते.

हे किती गंभीर होऊ शकते याचे एक उदाहरण देतो. ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात १७ नोव्हेंबर २०२३ रोजी टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या कार्यक्रमात २३ वर्षांची एक तरुणी कोसळली आणि तिचा मृत्यू झाला. अति उष्णतेने शरीर थकून हृदय व श्वसन बंद पडले, असे तपासणीत आढळले. त्या दिवशी शहरातला उष्मा निर्देशांक, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला जाणवणारी उष्णता, ५९ अंशांवर गेली होती. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. इतक्या लांब जायचे नसेल तर खारघर आठवावे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांना उष्माघात झाला आणि १४ जण दगावले. ही माणसे कपड्यांमुळे गेली असे मला मुळीच म्हणायचे नाही. ऊन, दमटपणा, गर्दी, पाणी न मिळणे ही मोठी कारणे. पण ऊन आपल्या हाती नाही, मैदानाची व्यवस्था आपल्या हाती नाही. अंगावर काय घालायचे ते आहे.

कापड कसे पाहावे?

टी-शर्टच्या आतल्या बाजूला शिवणीपाशी एक चिठ्ठी असते. ती वाचावी. शंभर टक्के सुती असेल तर उत्तम. सुती कापड घाम शोषून घेते आणि अंगाला टोचत नाही. मात्र ते एकदा चिंब झाले की लवकर वाळत नाही, हा त्याचा दोष. पॉलिस्टर घाम शोषत नाही. खेळाडूंसाठी केलेले जाळीदार, चांगल्या विणीचे पॉलिस्टर घाम बाहेरच्या पृष्ठभागावर पसरवते आणि पटकन वाळते, म्हणून ते चालते. पण फुटपाथवर दीडशे-दोनशे रुपयांत मिळणारे चकचकीत, घट्ट विणीचे पॉलिस्टर म्हणजे अंगाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळण्याचाच प्रकार. अस्सल माल कोणता आणि नकली कोणता, हा कंपन्यांचा आणि पोलिसांचा प्रश्न आहे. त्वचेला त्यातले काही कळत नाही. अधिकृत दुकानातला महागडा टी-शर्टसुद्धा जाडाभरडा आणि उबट असू शकतो.

जाडी पाहण्यासाठी 'जीएसएम' हा शब्द लक्षात ठेवावा. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, असा त्याचा अर्थ. साधा सुती टी-शर्ट साधारण १६० ते १८० जीएसएमचा असतो. हल्ली 'ओव्हरसाइज' नावाने जे ढगळ टी-शर्ट मिळतात ते दिसायला मोकळे, पण कापड २२० ते २४० जीएसएमचे. हुडी तर ३०० च्याही पुढे. जानेवारीच्या रात्री परतीच्या प्रवासात हुडी लागते हे मान्य. पण ती पिशवीत असावी, गर्दीत अंगात नसावी. हा आकडा छापलेला नसेल तर सोपा उपाय असा, की कापडाचा एक पदर तोंडासमोर धरून फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या तळव्याला फुंकर लागली तर कापड श्वास घेते असे समजावे.

आता छपाई. या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. अशा टी-शर्टवरची पुष्कळशी चित्रे प्लास्टिकच्या शाईने छापतात किंवा तयार चित्राचा पातळ पापुद्रा उष्णतेने चिकटवतात. कापड कितीही चांगले सुती असो, जेवढ्या भागावर हा थर आहे तेवढ्या भागातून हवा जात नाही आणि घाम वाळत नाही. लेखाच्या सुरुवातीला ज्या चौकोनी पुरळाचा उल्लेख केला ते हेच. घामाच्या ग्रंथींची तोंडे बुजून घामोळे येते आणि ते नेमके चित्राच्या आकाराचे येते. रुग्ण ॲलर्जी समजून घाबरलेला असतो.

अशा टी-शर्टची एक जुनी रीत आहे. पुढे चित्र आणि पाठीवर दौऱ्यातल्या शहरांची नावे व तारखा. पाठीचा मधला भाग हा शरीरावर सर्वांत जास्त घाम येणाऱ्या भागांपैकी एक. तेव्हा निवड करायचीच असेल तर पाठ कोरी असलेला किंवा पाठीवर नुसती सुटी अक्षरे असलेला टी-शर्ट घ्यावा. अक्षरांच्या मधून हवा जाते. अखंड चौकोनी चित्रातून जात नाही. छातीवरचे चित्र तळहाताएवढे असले तर त्रास नाही. चित्रावर बोट फिरवून पाहावे. रबरासारखे गुळगुळीत व जाड लागले, चिमटीत धरल्यावर घडी न पडता ताठ उभे राहिले, तर तो टी-शर्ट घरी भिंतीवर शोभेल. बोटाला कापडच लागले आणि रंग धाग्यात मुरलेला दिसला, तर ती पाण्यात मिसळणाऱ्या शाईची छपाई असण्याचा संभव आहे. ती अंगाला अधिक सोसते.

रंगाबद्दल मुले नेहमी वाद घालतात. रॉक बँडचा टी-शर्ट म्हणजे काळाच, असा शिरस्ताच आहे. काळा रंग ऊन जास्त शोषतो हे शाळेत शिकलेले खरेच आहे. दुपारच्या रांगेत तो तापणार. सूर्य मावळल्यावर मात्र काळ्या-पांढऱ्यात फारसा फरक राहत नाही. इथे एक गंमतीची माहिती सांगावीशी वाटते. सिनाईच्या वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, पण आतल्या माणसाच्या त्वचेपर्यंत ती जादा उष्णता पोहोचतच नव्हती. कारण झगा सैल होता आणि झगा व अंग यांच्यामधून हवा खेळत होती. रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा, तो असा. आपल्याकडे वारकऱ्याच्या अंगातला पांढरा सैल सदरा पाहा. रंग आणि सैलपणा दोन्ही साधले आहे, आणि तो सदरा मैलोगणती चालतो.

तेव्हा माप एक नंबर मोठे घ्यावे. टी-शर्टचा घेर छातीच्या मापापेक्षा निदान चार-पाच इंच जास्त असावा. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, तेही धरावे. दुकानात घालून पाहताना आरशासमोर नुसते ताठ उभे राहू नये. दोन्ही हात डोक्यावर उंच करावेत, कारण कार्यक्रमात बराच वेळ हात वरच असतात. काखेत कापड रुतले किंवा गळा आवळला तर ते माप आपले नाही.

मैदानातच विकत घेतलेला टी-शर्ट तिथल्या तिथे अंगात घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. नव्या कापडावर खळ असते, जास्तीचा रंग असतो, कधी सुरकुत्या पडू नयेत म्हणून फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायने लावलेली असतात. कोरड्या अंगावर हे चालून जाते. घामात ते भिजते आणि काख, मान, कोपराची खोबण येथे खाज सुटते. शिवाय आपल्या आधी तो कोणी कोणी घालून पाहिला असेल, सांगता येत नाही. घरून घालून जायचा टी-शर्ट आधी दोनदा धुऊन वाळवावा. तिथे घेतलेला पिशवीत घालून घरी आणावा.

किरकोळ वस्तू

टेलर स्विफ्टच्या चाहत्यांमध्ये मण्यांची कंकणे एकमेकांना देण्याची प्रथा आहे. काही मुली कोपरापर्यंत ती भरतात. रबरी दोरा घट्ट असेल तर हात सुजतो, आणि खाली घाम साचतो. एक बोट सहज आत जाईल इतके सैल असावे. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांना मनगटाला बांधायचे दिव्यांचे पट्टे देतात आणि शेवटी परत घेतात. त्यांनाही हाच नियम. स्वस्त बिल्ले, साखळ्या आणि जीन्सचे बटण यांत निकेल हा धातू असतो. खोटे दागिने ज्यांना सोसत नाहीत त्यांना घामात भिजलेले बटणही सोसत नाही. बटणाच्या आतल्या बाजूला कापडाचा तुकडा शिवावा. अंधारात चमकणाऱ्या कांड्या वाकवाव्यात, पण चावू नयेत. आतला द्रव डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवावे.

गळ्यातली ओळखपत्राची दोरी मात्र मला किरकोळ वाटत नाही. रेटारेटीत ती कोणाच्या तरी हातात, पिशवीत अडकते. ओढ बसताच मानेमागे आपोआप सुटणारी कडी असलेली दोरीच वापरावी. मफलर आणि गाठ मारलेली ओढणी यांनाही हेच लागू आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आया सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. वरपासून खालपर्यंत एकसंध असलेला पोशाख छायाचित्रात छान दिसतो. पण तिथल्या तात्पुरत्या, अस्वच्छ, अंधाऱ्या स्वच्छतागृहात तो सगळा उतरवावा लागतो. ते टाळण्यासाठी मुली दुपारपासून पाणीच पीत नाहीत. मग एकीकडे चक्कर आणि दुसरीकडे दोन दिवसांनी लघवीची जळजळ. टी-शर्ट आणि सैल सुती पॅन्ट हा साधा पोशाख या दृष्टीने फार सोयीचा. आतले कपडेही सुती असावेत. ज्यांच्या मांड्या चालताना घासतात त्यांनी, मुलगा असो वा मुलगी, जाड जीन्सच्या नादी लागू नये आणि घासणाऱ्या जागी थोडे व्हॅसलीन लावावे. बूट बंद आणि जुनेच असावेत, नवे नकोत. जास्तीचे मोजे पिशवीत ठेवावेत.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी किंवा मानसिक आजारावरची औषधे चालू असणाऱ्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. काही औषधांनी घाम कमी येतो किंवा शरीरातले पाणी लवकर कमी होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बरोबरच्या मित्राला पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर ताबडतोब त्याला गर्दीतून बाहेर काढावे. सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, थोडे थोडे पाणी किंवा ओआरएस पाजावे. पण तो असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे की नाही याची वाट पाहू नये. घाम असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी मैदानातल्या वैद्यकीय पथकाला हाक मारावी, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि ते येईपर्यंत अंगावरचा टी-शर्ट काढावा. निघत नसेल तर सरळ कापावा किंवा फाडावा. तो दोन हजारांचा आहे, त्यावर दौऱ्याची तारीख आहे, याचा विचार त्या घडीला करू नये. अंगावर पाणी ओतत राहावे आणि मिळेल त्या पुठ्ठ्याने वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊन उपयोग नाही; हा ताप त्या गोळीला दाद देत नाही.

परत आल्यावर

घामट टी-शर्ट पिशवीत कोंबून दोन दिवस तसाच ठेवायचा आणि मग तोच पुन्हा कॉलेजात घालून मिरवायचा, हे नेहमीचे. मित्रामित्रांत टी-शर्टची अदलाबदलही चालते. गेली काही वर्षे गजकर्णाने, ज्याला आपल्याकडे नायटा म्हणतात, सगळीकडे उच्छाद मांडला आहे. घरातल्या एकाला झाला की टॉवेल आणि कपड्यांवाटे तो सगळ्यांना होतो. ओला, घट्ट, न धुतलेला कपडा ही या बुरशीची आवडती जागा. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोल, कडा उचललेला, खाजणारा चट्टा दिसला तर औषधाच्या दुकानात जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हणू नये. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, रुग्ण खूश होतो, आणि आत बुरशी मोकाट पसरते. पुढे त्वचा पातळ होऊन जांघेत कायमचे चरे पडतात. दहावी-बारावीच्या मुलांच्या अंगावर असे चरे मी दर महिन्याला पाहतो. वेळेवर दाखवले तर साध्या औषधाने काही आठवड्यांत नायटा जातो, मात्र डाग दिसेनासा झाला म्हणून औषध मध्येच सोडू नये.

टी-शर्ट घरी येताच उलटा करून धुवावा आणि उलटाच कडक उन्हात वाळवावा. छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये. प्लास्टिक वितळून खडबडीत होते आणि पुढच्या वेळी तेच छातीला घासते. घरात कोणाला नायटा असेल तर त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत. छपाई टिकावी म्हणून गार पाणी वापरायचे असेल, तर नायटा पूर्ण बरा होईपर्यंत तो टी-शर्ट घालूच नये.

अशा कार्यक्रमांतल्या प्रचंड आवाजाने कानांचे काय होते, ते पुढील आठवड्यात पाहू.